गाडीचा कागद कुणी वाचलाय?

सांजवात झाली असेल, चूल पेटली असेल. हात कामात राहू द्या, कान तेवढे इकडे द्या.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या, तरी एक मावशी गप्पच. त्यांचा मुलगा शिकायला इंग्लंडला गेलाय, वय बावीस. म्हणाल्या, "पोरानं जुनी गाडी घेतली. आता म्हणतो, जवळपास गाडीच्या किमतीएवढाच वर्षाचा विमा आहे. कुणी फसवलं तर नाही ना त्याला?"

मी म्हटलं, मावशी, फसवलेलं नाही. तिकडची रीतच तशी आहे.

विमा म्हणजे आपल्या गटासारखंच आहे बघा. सगळ्यांनी थोडं थोडं टाकायचं आणि ज्याच्यावर संकट येईल त्याला त्यातून द्यायचं. फरक एवढाच, की ज्याच्या हातून अपघात होण्याची शक्यता जास्त, त्याच्याकडून तिकडच्या कंपन्या जास्त पैसे घेतात. नव्यानं गाडी शिकलेल्या तरुण पोरांचे अपघात जास्त होतात. म्हणून वय किती, परवाना किती वर्षांचा, राहतो कुठं, गाडीचं इंजिन केवढं, हे सगळं विचारून रक्कम ठरते. मुलगा इथं चार वर्षं गाडी चालवत असला, तरी तिकडं बहुतेक वेळा तो नवखाच धरला जातो.

पूर्वी तिकडं मुलींना विमा स्वस्त पडायचा, कारण मुली सांभाळून चालवतात. पण बाई-पुरुष असा भेद करून दर लावायचा नाही, असा निकाल युरोपच्या न्यायालयानं दिला. २१ डिसेंबर २०१२ पासून तो इंग्लंडसकट तिथल्या देशांत लागू झाला.

मग पोरानं करायचं काय? लहान इंजिनची गाडी घ्यायची. काही कंपन्या गाडीत एक यंत्र बसवतात. ते वेग आणि ब्रेक नोंदवतं, नीट चालवणाऱ्याला सवलत मिळू शकते. एकही दावा न करता वर्षं गेली, की रक्कम उतरत जाते. आणि एक गोष्ट अजिबात करायची नाही. गाडी रोज चालवणार पोरगा, आणि विम्यात मुख्य चालक म्हणून नाव द्यायचं वयस्कर काकाचं. पैसे वाचतात म्हणून कुणी असं सुचवतं, पण तिकडं ती फसवणूक धरली जाते. वेळ आली की कंपनी हात वर करते.

आपला भारतातला परवानाही तिकडं कायम चालत नाही. इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्याला त्यावर १२ महिने गाडी चालवता येते, जर्मनीत ६ महिने. पुढं तिथलाच परवाना काढावा लागतो. परवान्याची मुदत संपली की विम्याचाही आधार जातो.

मावशींचं समाधान झालं. पण मग एकीनं विचारलं, "आपल्या पोरांच्या मोटारसायकलींचं काय?" बैठकीत पंधरा जणी होतो. पंधरापैकी एकीलाही घरच्या गाडीचा विमा कधी संपतो, ते सांगता आलं नाही. मलासुद्धा.

आणि मला तर ते माहीत असायला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी माझी जाऊ दवाखान्यात निघाली होती, मोटारसायकलवर मागं बसून. खड्डा चुकवताना गाडी घसरली, तिच्या पायाचं हाड मोडलं. विमा चालू होता. आम्ही निर्धास्त होतो. कागद उघडून पाहिला तर तो नुसता थर्ड पार्टीचा. गाडी आपली, चूक आपल्या चालकाची, मागं बसलेली बाई त्यात बसतच नव्हती. सगळा खर्च गटाच्या कर्जातून केला. ते अजून फिटतंय.

म्हणून नीट ऐका. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्याकडं त्याचा दर वयावर नाही, इंजिनवर ठरतो. अठरा वर्षांचा पोरगा आणि पन्नास वर्षांचा बाप, दोघांना सारखाच. १ जून २०२२ पासूनच्या दरानं ७५ ते १५० सीसीच्या मोटारसायकलीला वर्षाला ७१४ रुपये, वर कर. म्हणजे दिवसाला दोन-अडीच रुपये.

पण मागं बसणारीची सोय हवी असेल, तर एजंटाला स्पष्ट सांगा, "पॅकेज विमा द्या, मागं बसणाऱ्याची जोखीम यात आहे का ते दाखवा." मागं कोण बसतं हो आपल्याकडं? आपणच ना!

गाडीच्या मालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो लागू व्हायला मालकाकडं चालू परवाना लागतो. जुनी गाडी घेतली असेल तर ती आपल्या नावावर करा, आणि विमाही चौदा दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज द्या.

आता सगळ्यात अवघड बोलते. दहावीतल्या पोराच्या हातात आपण चावी देतो. "दळण घेऊन ये" म्हणतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आणि परवाना नसलेल्यानं कुणाला ठोकलं, तर विमा कंपनी जखमीला पैसे देऊनही नंतर ते मालकाकडून वसूल करू शकते. तेव्हा शेत विकायची पाळी येते.

दिवाळी झाली की आपल्यातल्या कितीतरी जणी कोयता घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून कारखान्याला निघतात. ट्रॉली माल वाहण्यासाठी असते. तिच्यात बसलेल्या माणसांचा विमा बहुधा नसतो. उचल ठरवतानाच मुकादमाला विचारा, प्रवासात काही झालं तर जबाबदारी कुणाची? सगळ्या जणींनी मिळून विचारा, म्हणजे उत्तर द्यावं लागेल.

अपघात झालाच तर पोलिसांत नोंद करा, दवाखान्याची कागदं जपा. भरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करायचा असतो, सहा महिन्यांच्या आत. अपघात कोल्हापूरकडं झाला तरी अर्ज आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, हे ध्यानात ठेवा. ठोकून पळालेली गाडी सापडलीच नाही, तरी सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमेला ५० हजार मिळतात. त्याचा अर्ज तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात द्यायचा.

तर आजचं काम एवढंच. जेवणं झाली की पेटीतला गाडीचा कागद काढा. तीन गोष्टी बघा: मुदत कधी संपते, नाव कुणाचं आहे, आणि विमा थर्ड पार्टी आहे की पॅकेज. वाचता येत नसेल तर शाळेतल्या लेकीला वाचायला लावा. पुढच्या बैठकीत हप्त्याच्या वहीशेजारी ती तारीख लिहा. आमच्या गटानं लिहिलीय. पंधरापैकी सहा जणींचा विमा संपलेला निघाला.

सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.