हलकं वजन, पुष्कळ वेळा
(रौप्यमहोत्सवी सप्ताहात क्लबहाउसमध्ये झालेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला आहे 'ज्येष्ठांचे आरोग्य'. या विषयावर वक्ते काय सांगतात ते आपल्याला पाठ आहे. सकाळी चाला, मीठ कमी खा, हसत राहा. ते खरंच आहे, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. मी बोलणार आहे तळमजल्यावर मीटर रूमशेजारच्या खोलीत ठेवलेल्या लोखंडी रॉडबद्दल. तो रॉड आणि त्याच्या प्लेटा कोणाच्या तरी मुलाने परदेशी जाताना सोसायटीला देऊन टाकल्या. बरीच वर्षं त्यावर गणपतीच्या मखराचे थर्माकोल ठेवलेले होते. गेले चौदा महिने आम्ही सहा-सात जण तो रॉड उचलतो आहोत.

१९९९ साली आपण इथे राहायला आलो. मला वर्ष नीट आठवतं, कारण ३१ डिसेंबरच्या रात्री नव्या घरात सामान लावायचं सोडून मी शाखेत संगणकापुढे बसलो होतो. वायटूकेची धास्ती होती, घडलं काहीच नाही. तेव्हा मी ४८ वर्षांचा होतो, आज ७३ चा आहे. आपल्यातले निम्मे सभासद याच वयाच्या आगेमागे आहेत. इमारतीसाठी आपण सिंकिंग फंड काढला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोनदा केलं, लिफ्ट बदलली. पण लिफ्ट बदलायला लागलेले ते अठरा दिवस आठवा. पाचव्या-सहाव्या मजल्यावरची किती ज्येष्ठ मंडळी त्या अठरा दिवसांत खाली उतरली? मी मोजली होती. चार. बाकीच्यांचं दूध, भाजी, औषधं वर जात होती, माणसं खाली येत नव्हती.

हे कशामुळे होतं? माणसाचे स्नायू तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के कमी होतात, आणि साठीनंतर हा वेग वाढतो. वजनकाट्यावर ते दिसत नाही. काटा तोच आकडा दाखवतो, कारण स्नायू गेले तिथे चरबी येऊन बसते. मग एक दिवस पंगतीत मांडी घालून बसलेला माणूस उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधतो.

घरी एक सोपी तपासणी करून पाहा. हात नसलेल्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी घालून ठेवा, आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ७० ते ७४ वयाच्या पुरुषांना १२ पेक्षा कमी आणि बायकांना १० पेक्षा कमी जमलं, तर ते सरासरीच्या खाली धरतात. माझे चौदा महिन्यांपूर्वी ९ झाले होते. आता १६ होतात. (खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची खुर्ची वापरू नका, एकाने वापरली.)

आता रॉडकडे येतो. व्यायामशाळा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शंभर किलो डोक्यावर घेऊन थरथरणारा पहिलवान येतो. आम्ही करतो ते उलट आहे. वजन हलकं, पण एकच हालचाल वीस-पंचवीस वेळा. तरुण मुलं याला 'रेप्स' म्हणतात. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात फिलिप मिल्स यांनी १९९० च्या सुमारास या पद्धतीचा संगीतावर चालणारा सामुदायिक वर्ग बसवला, 'बॉडीपंप' नावाचा. तासाभरात सुमारे आठशे वेळा हलका रॉड हलवायचा. त्यांचे वडील लेस मिल्स गोळाफेक आणि थाळीफेकीत ऑलिंपिक खेळलेले, आणि पुढे त्याच शहराचे महापौर झाले. आज तो वर्ग अनेक देशांत चालतो.

पण मंडळी, हे आपल्याला नवीन आहे का? माझं बालपण कोल्हापुरात गेलं. तालमीत वस्ताद कधी 'जास्त वजन उचल' म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. ते आकडा विचारायचे. "आज जोर किती? बैठका किती?" उत्तर शेकड्यातच असायचं. औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यातही रोजची संख्या हाच नेम होता. म्हणजे पुष्कळ वेळा करण्याची कल्पना आपल्या मातीतलीच.

मग थेट जोरच का काढू नयेत, असं आमच्या सी विंगमधल्या एका मित्राने मला विचारलं. याचं उत्तर हिशेबाचं आहे. जोर काढताना शरीराच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. माझं वजन तेव्हा ८४ किलो होतं. म्हणजे पहिल्याच दिवशी ५६ किलो! बहात्तरीच्या मनगटांना ते कसं झेपणार? रॉड मात्र सहा किलोचा आहे. त्याला सव्वा-सव्वा किलोच्या दोन प्लेटा लावल्या की साडेआठ. जोराचा भार असा किलोने मोजून कमी करता येत नाही, रॉडचा करता येतो. एवढाच फरक, पण आमच्या वयात तोच महत्त्वाचा आहे.

हलक्या वजनाने काही होतं का, ही शंका मलाही होती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ साली एक प्रयोग झाला. तरुणांच्या एका गटाला त्यांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्के वजन दिलं, दुसऱ्याला फक्त ३० टक्के, पण अगदी थकेपर्यंत. दहा आठवड्यांनी दोघांचे स्नायू जवळपास सारखेच वाढले होते. जड वजनवाल्यांची एका झटक्यात जास्तीत जास्त उचलण्याची ताकद अधिक वाढली, हेही सांगायला हवं. पण आपल्याला एका झटक्यात काय उचलायचं आहे? नातवंड, फार तर गव्हाचं पोतं. महत्त्वाची अट 'थकेपर्यंत' ही आहे. पंचवीस वेळा करून गप्पा मारता येत असतील तर ते वजन फारच हलकं. शेवटच्या तीन-चार वेळा जड जायलाच हव्यात.

आणि वय झालं म्हणून स्नायू ऐकत नाहीत, असं नाही. अमेरिकेत बोस्टनला १९९० साली नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा व्यायाम दिला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो प्रयोग देखरेखीखाली आणि भारी वजनाने केलेला होता, तेव्हा घरी कोणी नक्कल करू नये. मी तो सांगतो आहे तो 'आता काय उरलंय' म्हणणाऱ्यांसाठी.

आमचा क्रम असा. बी विंगमधली आपली फिजिओथेरपिस्ट मुलगी पहिले दोन महिने रोज उभी राहिली, म्हणून हे मार्गी लागलं. रॉड खांद्यावर घेऊन बैठक. ज्यांचे गुडघे दुखतात ते मागे खुर्ची ठेवतात आणि टेकल्यासारखं करून उठतात. मग रॉड मांडीपुढे धरून कमरेतून वाकणं, पाठ सरळ ठेवून. तसंच वाकून रॉड पोटाकडे ओढणं. खांद्यापासून डोक्यावर नेणं. आणि बाकावर उताणं पडून छातीवरून वर ढकलणं. प्रत्येक प्रकार वीस वेळा, अशा तीन फेऱ्या. मध्ये दम खायला मिनिट-दीड मिनिट. पंचेचाळीस मिनिटांत तीनशे वेळा रॉड हलतो. वजन दहा किलो धरलं तर तीन हजार किलो, म्हणजे तीन टन! मी हा हिशेब सौ.ला सांगितला, तर ती म्हणाली, "अहो, मग कपाटावरची पिंपं तेवढी खाली काढून द्या." काढून दिली.

आठवड्यात तीनच दिवस, एकाआड एक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत वयस्करांसाठी स्नायूंचा व्यायाम आठवड्यात किमान दोन दिवस, शिवाय १५० मिनिटं तरी चालण्यासारखा व्यायाम आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगितले आहेत. तेव्हा मधल्या दिवशी आम्ही बागेत चालतोच.

त्या मुलीने एक गोष्ट इतक्यांदा सांगितली की आता माझ्या झोपेतही ऐकू येते. "काका, श्वास सोडा!" जोर लावताना श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. वर नेताना तोंडाने श्वास सोडायचा. बीपी आटोक्यात नसेल, हर्निया असेल, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांचं लेखी घेतल्याशिवाय आम्ही कोणाला रॉडला हात लावू देत नाही. हाडं ठिसूळ असतील त्यांनी पाठीची कमान करून वाकायचं नाही. छातीत दुखलं, चक्कर आली की तिथेच थांबायचं. यात भिडस्तपणा नको.

आता वजनाबद्दल, कारण सगळ्यांना तेच ऐकायचं असतं. माझं वजन ८४ वरून ७५ वर आलं. कंबर १०२ सेंटिमीटर होती, ९३ झाली. भारतीय पुरुषांना ९० ची आणि बायकांना ८० ची मर्यादा सांगतात, म्हणजे मी अजून नापासच आहे. पण हे नऊ किलो रॉडने उतरवले असं मी म्हणणार नाही. आमच्या एका वेळच्या व्यायामात फार तर दोन-अडीचशे कॅलरी खर्च होत असतील. कोपऱ्यावरचा एक वडापाव खाल्ला की हिशेब चुकता.

उतरलं ते स्वयंपाकघरातून. मी दिवसाला चार कप चहा घेतो, प्रत्येकात दोन चमचे साखर असायची. म्हणजे रोजची दीडशेच्या आसपास कॅलरी, महिन्याची साडेचार हजार. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. नुसत्या चहाच्या साखरेचा महिन्याला अर्धा किलोहून जास्त हिशेब निघतो! चहा तेवढाच आहे, साखर गेली. संध्याकाळचं फरसाण गेलं, रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात गेला. आलं ते मुगाचं घट्ट वरण, मटकीची उसळ, ताक, आणि आमच्याकडे चालतात म्हणून अंडी.

मग रॉड कशाला, असा प्रश्न येतो, आणि माझ्या मते याच प्रश्नाचं उत्तर लोकांना कोणी सांगत नाही. नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी लग्नकार्यासाठी तीन महिन्यांत बारा किलो उतरवले. सूट बसला छान, पण मांडवात पाय धरायला वाकले ते दोघांनी उठवले. रॉडचं काम वजन उतरवणं नाही. जे उतरेल ते चरबीतून उतरावं, पायातून नाही, हे पाहणं आहे. शिवाय जेवणानंतरची साखर सर्वांत जास्त प्रमाणात स्नायूच शोषून घेतात. माझी तीन महिन्यांची साखर ६.४ होती, ती ५.९ वर आली. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला.

वहिनी आणि ताई मंडळींना वेगळं सांगतो. आमच्यात सध्या दोघीच येतात. "लोखंड उचलून हात पुरुषांसारखे होतील" असं एकीने मला विचारलं. या वयात, दहा किलोने? तसं होणं इतकं सोपं असतं तर आमच्यातल्या पुरुषांचे नसते का झाले? उलट हाडांचा ठिसूळपणा बायकांत जास्त, तेव्हा बेताबेताने भार उचलण्याची गरज त्यांनाच अधिक.

शेवटचा मुद्दा कार्यकारिणीसाठी, आणि तो मी मुद्दाम सर्वांसमोर मांडतो. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत ती मीटर रूमशेजारची खोली पार्सल ठेवायला देण्याचा प्रस्ताव आहे. पार्सलं वाढली आहेत, वॉचमनची अडचण खरी आहे. पण पार्सलला लोखंडी रॅक पुरते, आणि ते जिन्याखाली मावते. मी टेपने मोजून आलो आहे, साडेपाच फूट जागा आहे. रॉड घेऊन उभं राहायला मात्र दहा बाय बाराची खोलीच लागते. त्या रॅकचा निम्मा खर्च आम्ही सात जण द्यायला तयार आहोत, तसं पत्र सेक्रेटरीसाहेबांकडे दिलं आहे. सभेला या आणि तुमचं मत द्या, विरोधात असलं तरी.

तोवर खोली आपलीच आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सव्वासहा. किल्ली वॉचमनकडे असते. येताना बूट घालून या, टॉवेल आणा, बीपीची गोळी सकाळी असेल तर घेऊन या. पहिल्या महिन्यात प्लेटा लावायच्या नाहीत, नुसता रॉड.