दूर गावाहून घरच्या संगणकात प्रवेश
(भाषणाचा मजकूर)



दूरच्या संगणकात प्रवेश करण्याचा एक ऐतिहासिक प्रयत्न प्रथम फसला होता, ही गोष्ट आज घरोघरी अडलेल्यांना थोडा धीर देणारी आहे. दि. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने सुमारे पाचशे किलोमीटर अंतरावरील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकाकडे ‘लॉगिन’ हा शब्द धाडण्यास आरंभ केला. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडील यंत्रणा कोसळली. दुरुस्ती झाल्यावर सुमारे तासाभराने प्रवेश साधला. दोष पलीकडे होता. टंकणाऱ्याच्या बोटांत नव्हता.

हैदराबादेतील अंबरपेठेच्या एखाद्या मराठी घराचे उदाहरण घ्यावे. समजा, तेथील एक निवृत्त शिक्षक धाकट्या भावाच्या शस्त्रक्रियेसाठी काचीगुड्याहून रेल्वेने नांदेडला गेले आहेत. भावाचे जुने तपासणी अहवाल त्यांनी अंबरपेठेच्या संगणकात जपून ठेवले आहेत आणि डॉक्टरांना ते संध्याकाळपर्यंत हवे आहेत. गुरुजी पुतण्याच्या लॅपटॉपवरून घरच्या संगणकाला हाक देतात. प्रवेश नाकारला जातो. ते पुन्हा टंकतात, पुन्हा नकार. पाचव्या-सहाव्या खेपेस हात थरथरू लागतो.

अशा वेळी प्रथम एकच प्रश्न विचारावयाचा : नकार नेमका कोणी दिला? पडद्यावरील सूचना बहुतेक जण न वाचताच मिटवितात, परंतु उत्तर तिच्यातच असते. ‘संगणकाशी संपर्क होऊ शकला नाही’ असे म्हटले असेल, तर हाक दारापर्यंत गेलेलीच नाही आणि परवलीचा शब्द शंभर वेळा बदलून उपयोग नाही. ‘नाव अथवा परवलीचा शब्द मान्य नाही’ असे म्हटले असेल, तर दार सापडले आहे, किल्ली चुकली आहे.

हाक न पोहोचण्याची कारणे पुष्कळदा अगदी साधी असतात. संगणक काही वेळाने निद्रावस्थेत जातो. वीज जाऊन परत आली तरी अनेक संगणक आपोआप सुरू होत नाहीत. विंडोजच्या ‘होम’ आवृत्तीत तर रिमोट डेस्कटॉपने बाहेरून प्रवेश देण्याची सोयच नाही. ती ‘प्रो’ आवृत्तीत आहे. १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता हा घरातल्या घरात चालणारा पत्ता होय, नांदेडहून तो निरुपयोगी. शिवाय इंटरनेट पुरविणाऱ्या अनेक कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाह्य पत्ता देतात. घरच्या राउटरवर दिसणारा बाह्य पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतील असेल, तर तो अशा सामायिक व्यवस्थेसाठी २०१२ साली राखून ठेवलेल्या पत्त्यांपैकी आहे. अशा घरी राउटरमध्ये वाट उघडूनही हाक आत जात नाही. मध्यस्थ सेवा किंवा खाजगी जाळे, म्हणजे व्हीपीएन, घ्यावे लागते. वाट थेट उघडी ठेवणे तसेही धोक्याचेच. २०१९ च्या मे महिन्यात रिमोट डेस्कटॉपमधील एक दोष इतका गंभीर ठरला की, मायक्रोसॉफ्टने कधीच्या निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती प्रसिद्ध केली.

गुरुजींच्या बाबतीत मात्र किल्लीच चुकली होती. घरी ते रोज चार आकडी पिन देऊन संगणक उघडतात. हा पिन त्या यंत्रापुरताच असतो. दुरून येताना खात्याचा पूर्ण परवलीचा शब्द लागतो आणि नावाच्या जागी बहुधा संपूर्ण ईमेल पत्ता. ज्या खात्याला परवलीचा शब्दच ठेवलेला नाही, त्याला विंडोज दुरून आत घेत नाही. तीन भाषांच्या घरात कळफलक मराठीवर किंवा तेलुगूवर राहून जातो. इंग्लंडमधील मुलाची अडचण आणखी निराळी : तेथील कळफलकावर ‘ॲट’चे चिन्ह आणि दुहेरी अवतरणचिन्ह यांच्या जागा आपल्याकडील कळफलकाच्या उलट असतात. शब्द बरोबर, बोट बरोबर, उमटते ते वेगळेच.

आणि घाई नडते ती अशी. २०२२ पासूनच्या विंडोज ११ च्या नव्या मांडणीत दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते दहा मिनिटे बंद होते. त्या अवधीत खरा शब्दही नाकारला जातो आणि बिचाऱ्याला वाटते, आता हाही चुकला.

खरा धोका येथून पुढे आहे. चिडलेला मनुष्य मोबाइलवर ‘मदत क्रमांक’ शोधतो. पलीकडचा गोड बोलणारा एक ॲप उतरवावयास सांगतो आणि पडद्यावर आलेला नऊ आकडी क्रमांक विचारतो. तो सांगितला व परवानगी दिली की यंत्र त्याच्या हाती जाते. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा दूरनियंत्रक ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. असे घडल्यास प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

गुरुजींनी अखेर घरी दूरध्वनी केला. “सूनबाई, टेबलाच्या खणात वही आहे. तिच्या शेवटच्या पानावर बघ बरं.” परवलीचा शब्द मिळाला, परंतु तो नांदेडला टंकण्यापूर्वीच सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, मी इथेच संगणकापुढे बसले आहे. अहवालच पाठवून देऊ का?” अहवाल पाच मिनिटांत पोहोचले. हा उपाय कोणत्याही पुस्तिकेत नसतो. वही मात्र खणात उघडी ठेवण्याची वस्तू नव्हे. ती कुलपात हवी.

प्रवासास निघण्यापूर्वी चाचणी घ्यावयाची ती घरच्या वायफायवरून नव्हे, कारण घरातून घरात हाक नेहमीच पोहोचते. मोबाइलच्या इंटरनेटवर लॅपटॉप जोडून, गल्लीच्या टोकाला उभे राहून, पिनऐवजी पूर्ण शब्द देऊन एकदा आत जाऊन पाहावे. तेथे अडले तर घर दोन मिनिटांवर असते.