स्वमग्न मेंदूतील दाह

दाह म्हटला की लाली, सूज, उष्णता व ठणका ही लक्षणे डोळ्यांसमोर येतात. मेंदूतील दाहात यांपैकी काहीच बाहेरून दिसत नाही, कारण तो मुख्यतः मायक्रोग्लिया या सूक्ष्म पेशींच्या वर्तनातील पालट असतो. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये वेगळ्या ओळखलेल्या या राखणदार पेशी एरवी बारीक फांद्या पसरून भोवताल चाचपत असतात, आणि इजा वा जंतूंची चाहूल लागताच फांद्या आखडून फुगतात व सायटोकाइन, म्हणजे पेशींमध्ये धोक्याचा निरोप पोचवणारी प्रथिने, सोडू लागतात.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कार्लोस पार्डो व सहकाऱ्यांनी स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या ११ मृत व्यक्तींच्या मेंदूंचे नमुने तपासून २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत अशा खवळलेल्या मायक्रोग्लिया ठळकपणे आढळल्या होत्या, विशेषतः तोल व हालचालींचा मेळ राखणाऱ्या अनुमस्तिष्कात, जेथे पर्किंजे नावाच्या मोठ्या चेतापेशी विरळ झालेल्या होत्या.

मात्र आग लागलेल्या घरापाशी बंब उभा दिसला म्हणून आग बंबाने लावली असे कोणी म्हणत नाही. २०११ मध्ये जनुकांच्या कार्याची तुलना झाली, तेव्हा स्वमग्न मेंदूत चेतापेशींच्या जोडण्यांशी निगडित जनुके मंदावलेली व प्रतिकारशक्तीशी निगडित जनुके चेतलेली दिसली. परंतु स्वमग्नतेशी जोडलेले आनुवंशिक फरक पहिल्या गटात एकवटले होते, दुसऱ्यात नव्हे. त्यामुळे दाह हा बऱ्याच अंशी परिणाम असावा, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

गर्भावस्थेची गोष्ट निराळी आहे: अमेरिकेतील १९६४ च्या रुबेला साथीत मातेच्या पोटातच बाधा झालेल्या २४३ मुलांचा स्टेला चेस यांनी अभ्यास केला, तेव्हा स्वमग्नतेचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट निघाले, आणि गाभण उंदरिणीची प्रतिकारशक्ती चेतवल्यास पिलांच्या वागणुकीत फरक पडतो हेही प्रयोगांत दिसले आहे.

प्राण्यांमध्ये मायक्रोग्लिया शमवणारे मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक पार्डो यांच्याच गटाने पुढे स्वमग्न मुलांच्या एका लहान गटाला सहा महिने देऊन पाहिले. मुलांच्या लक्षणांत सुधारणा आढळली नाही.