दाब साधारण, तरीही काचबिंदु

काचबिंदु हें नांव आपल्यापैकीं बहुतेकांनीं ऐकलेलें असतें. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें, व तें काढून दुसरें बसवितां येतें. काचबिंदूंत डोळ्यांतून मेंदूकडे जाणारा दृष्टीचा मज्जातंतु झिजतो, आणि झिजलेला तंतु पुनः उगवत नाहीं, इतका भेदही पुष्कळांस ठाऊक असतो. परंतु काचबिंदु म्हणजे डोळ्यांतील दाब वाढणें, ही समजूत सर्वत्र इतकी रूढ आहे, कीं एकदां दाब मोजून 'ठीक आहे' असें सांगितलें म्हणजे माणूस निश्चिंत होतो. ही निश्चिंतता किती धोक्याची आहे, हें सांगण्याकरितां मी आज बोलणार आहें.

डोळ्यांतील दाब पाऱ्याच्या मिलिमीटरांत मोजतात, आणि १० ते २१ ही साधारण मर्यादा मानतात. जपानांतील ताजिमी या शहरांत २००० व २००१ या सालीं चाळिशीपुढील लोकांची पद्धतशीर नेत्रतपासणी झाली. डोळ्यांतील पाणी बाहेर जाण्याची वाट उघडी असूनही होणारा काचबिंदु ज्यांस आढळला, त्यांपैकीं शेंकडा ९२ जणांचा दाब २१ किंवा त्याहून कमीच होता. पूर्व आशियांत हें प्रमाण विशेष मोठें आहे हें खरें. पण हा प्रकार जगांत सर्वत्र आढळतो, आणि आपला देश त्यास अपवाद नाहीं. त्यास 'साधारण दाबाचा काचबिंदु' असें म्हणतात.

मी वैद्य नव्हें. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर शाळेंत मुलांस शिकविलेला मनुष्य आहें. या विषयाशीं माझा संबंध रोगी म्हणून आला. माझ्या डाव्या डोळ्यासमोरील एक भाग पुसट झाला होता, आणि दाब मात्र १५ भरत होता. दोन्ही डोळे उघडे असतां एकाची उणीव दुसरा भरून काढतो. त्यामुळें ही गोष्ट माझ्याआधीं एका तरुण डॉक्टरांच्या ध्यानांत आली, कारण दाबावर न थांबतां त्यांनीं डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी केली व डोळ्याचा तळ पाहिला. तेव्हांपासून 'दाब ठीक, तर तंतु कां झिजावा?' हा प्रश्न मला सोडीना.

प्रश्न नवा नाहीं. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें डोळ्याचा तळ पाहण्याचें यंत्र प्रसिद्ध केलें. पुढें १८५७ सालीं बर्लिनचे नेत्रवैद्य फॉन ग्रेफे यांनीं असे रोगी नोंदले, कीं ज्यांच्या मज्जातंतूच्या मुखाशीं काचबिंदूसारखा खळगा होता, परंतु डोळा बोटांस कठीण लागत नव्हता. त्या काळीं दाब बोटांनीं चाचपूनच अजमावीत. श्योट्झ यांचें दाबमापक १९०५ सालीं आलें. मापकें सुधारत गेलीं, तरी साधारण दाबाचे काचबिंदु दिसतच राहिले. म्हणजे चूक केवळ मोजण्यांत नव्हती. कारण आणखी कोठें तरी होतें.

दृष्टीच्या मज्जातंतूंत सुमारें दहा-बारा लक्ष बारीक धागे असतात. ते डोळ्याच्या पाठीमागील चाळणीसारख्या पडद्यांतून बाहेर पडतात. या अरुंद जागीं त्यांच्यावर डोळ्यांतील पाण्याचा दाब पडतो, आणि त्यांस जगविणारें रक्त अतिशय सूक्ष्म केशवाहिन्यांतून येतें. डोळ्यांतील दाब वाढला तर रक्तास आंत शिरणें कठीण जातें. परंतु रक्ताचाच दाब उतरला, तरी परिणाम तोच. धाग्यांच्या वांट्यास जें रक्त येतें, तें या दोन दाबांच्या फरकावर अवलंबून असतें. एकट्या डोळ्याच्या दाबावर नव्हे.

पाटाच्या पाण्यावर शेती करणारांस हें चटकन् उमगेल. शेताची जमीन उंच झाली तर पाणी चढत नाहीं. पण जमीन तीच राहून पाटांतील पातळी उतरली, तरी टोकाचें शेत पहिल्यानें कोरडें पडतें. कोणतें दार केव्हां उघडावें व केव्हां मिटावें, हें पाहण्यास पाटकरी असतो. तो जागरूक असेल तर थोड्या पाण्यांतही सर्वांचें भागतें. तो बेशिस्त असेल तर भरल्या पाटाच्या टोकासही पीक करपतें. आपल्या शरीरांतील हा पाटकरी म्हणजे स्वायत्त मज्जासंस्था.

हें नांव लँग्ली या इंग्रज शास्त्रज्ञानें १८९८ सालीं दिलें. आपल्या इच्छेची वाट न पाहतां हृदयाची गति, रक्तवाहिन्यांची रुंदी, घाम, पचन, बाहुलीचें लहानमोठें होणें ही कामें ही संस्था चालविते. तिच्या मुख्य शाखा दोन. अनुकंपी शाखा संकटसमयीं शरीरास सज्ज करते. परानुकंपी शाखा विश्रांतीच्या वेळीं शरीराची जोपासना करते. तोंडी परीक्षेस उभ्या राहिलेल्या मुलाचे हात गार पडतात, छाती धडधडते, तें या अनुकंपी शाखेचें काम. फ्रान्समधील क्लोद बर्नार यांनीं १८५० नंतरच्या एकदोन वर्षांत सशाच्या मानेंतील अनुकंपी तंतु कापला, तेव्हां त्या बाजूचा कान ऊन लागूं लागला. रक्तवाहिन्यांस आवळून धरणारा हात सुटला होता.

आतां डोळ्याकडे वळूं. दृष्टिपटलाच्या पाठीमागें रक्तवाहिन्यांचा जो दाट थर आहे, त्यास स्वायत्त संस्थेचे तंतु विपुल आहेत. उलट दृष्टिपटलाच्या वाहिन्यांस आणि मज्जातंतूच्या मुखाशीं असलेल्या आंतील वाहिन्यांस ते पोंचत नाहींत. तेथील वाहिन्या गरजेप्रमाणें आपल्या आपणच रुंद किंवा अरुंद होतात. यास स्वयंनियमन म्हणतात. मग स्वायत्त संस्थेचा या रोगाशीं संबंध कसा येतो? दोन वाटांनीं. पहिली वाट मुख्य पाटाची. सर्व शरीराचा रक्तदाब क्षणोक्षणीं सांवरून धरणें हें तिचें काम. तो फार खालीं गेला, किंवा वारंवार हेलकावे खाऊं लागला, तर स्वयंनियमनाची शक्ति अपुरी पडते. दुसरी वाट शेजारच्या थराची. १९८८ सालीं जपानी संशोधकांनीं एंडोथेलिन नांवाचें, रक्तवाहिन्यांस अतिशय जोरानें आंकुंचित करणारें द्रव्य शोधून काढलें. रक्तांतून फिरणारें हें द्रव्य मागील थरांतून झिरपून मज्जातंतूच्या मुखापर्यंत पोंचूं शकतें. अशा रीतीनें जेथें तंतु पोंचत नाहींत, तेथेंही बाहेरील बेबंदपणाची झळ लागते.

यांत रात्रीचा काळ सर्वांत नाजुक. झोपेंत बहुतेकांचा रक्तदाब उतरतो. शेंकडा १० ते २० उतरणें स्वाभाविक आहे. कांहींजणांचा मात्र त्याहून पुष्कळ अधिक उतरतो. त्याच वेळीं आडवें झाल्यामुळें डोळ्यांतील दाब कांहींसा चढतो. पाटांतील पातळी खालीं आणि जमीन वर, असा दुहेरी प्रसंग येतो. पंजाबांत जन्मलेले व पुढें अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठांत काम केलेले डॉ. सोहनसिंग हेरे यांनीं १९९४ सालीं चोवीस तासांच्या रक्तदाबाच्या नोंदींवरून रात्रीच्या या उताराकडे नेत्रवैद्यांचें लक्ष वेधलें. दिवसा दवाखान्यांत बसवून घेतलेल्या मापांत हा उतार दिसत नाहीं.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथील डॉ. योसेफ फ्लामर यांनीं अशा रोग्यांत पुष्कळदां एकत्र दिसणारीं लक्षणें सांगितलीं आहेत. हातपाय सदा गार, रक्तदाब कमी, अर्धशिशी, तहान कमी, झोप लवकर न लागणें, थंडी किंवा मानसिक ताण यांनीं वाहिन्या फाजील आंवळल्या जाणें. दुसरा पुरावा हृदयाच्या ठोक्यांचा. दोन ठोक्यांमधील अंतर प्रत्येक वेळीं किंचित् बदलतें, आणि त्या बदलावरून दोन शाखांचा तोल अजमावतां येतो. साधारण दाबाच्या काचबिंदूंत अनुकंपी शाखेचें पारडें जड झाल्याचें अनेक अभ्यासांत दिसलें आहे. मात्र हा तोल बिघडणें हें रोगाचें मूळ, कीं केवळ सोबती, याविषयीं विद्वानांत अद्याप एकमत नाहीं. झोपेंत श्वास अडखळणें, चाळणीचा जन्मजात दुबळेपणा, आनुवंशिकता अशीं इतर कारणेंही असतात. आणि ज्याचे हात गार त्यास काचबिंदु, असा उलटा सिद्धांत तर कोणींच करूं नये. गार हातांचीं हजारों माणसें शेवटपर्यंत स्वच्छ पाहतात.

मग उपाय काय? दाब साधारण असला, तरी तो आणखी उतरविणें हाच आजही सिद्ध उपाय आहे. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संयुक्त अभ्यासांत ज्यांचा दाब शेंकडा ३० नें उतरविला, त्यांच्या शंभर डोळ्यांपैकीं सुमारें १२ डोळ्यांत रोग पुढें सरकला. ज्यांवर उपचार केले नाहींत, त्यांच्यांत सुमारें ३५ डोळ्यांत. पाटाची पातळी वाढवितां येत नसेल, तर शेताची जमीन थोडी उतरवावी, तसें हें आहे.

येथें पुनः पाटकरी आठवावा लागतो, कारण यांतील कांहीं थेंब स्वायत्त संस्थेवरच काम करणारे आहेत. टिमोलोल व ब्रिमोनिडिन या दोन औषधांची तुलना २०११ सालीं प्रसिद्ध झाली. दोहोंनीं दाब सारखाच उतरला. पण टिमोलोल घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ३९ जणांची दृष्टि आणखी घटली, ब्रिमोनिडिन घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९ जणांचीच. मात्र ॲलर्जीमुळें ब्रिमोनिडिन सोडणारेही बरेच निघाले. टिमोलोल नाकाच्या वाटेनें रक्तांत जाऊन नाडी मंद करूं शकतें, दम्याच्या रोग्यास बाधूं शकतें. म्हणून कोणास कोणता थेंब, हें डॉक्टरांनींच ठरवावयाचें. आपण कोणताही थेंब आपल्या मनानें सोडूं नये व बदलूं नये. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा बोटानें एकदोन मिनिटें दाबून धरावा, म्हणजे औषध रक्तांत कमी उतरतें.

श्रोतेहो, चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें डोळे तपासून घेतांना 'दाब किती?' एवढेंच विचारून उठूं नये. 'मज्जातंतूचें मुख पाहिलें काय?' हेंही अवश्य विचारावें. आईबापांस किंवा भावंडांस काचबिंदु असेल, तर तें सांगावें. हातपाय गार पडणें, अर्धशिशी, उठतांच घेरी येणें, रात्रीं घोरतांना श्वास थांबणें, या गोष्टी डोळ्यांच्या डॉक्टरांस सांगण्यासारख्या वाटत नाहींत. पण त्याच सांगावयाच्या असतात. रक्तदाबाची गोळी कोणी रात्रीं निजतांना घेत असेल, तर त्यानें ती थांबवूं नये, परंतु तिच्या वेळेविषयीं दोन्ही डॉक्टरांस विचारावें. लागल्यास चोवीस तासांची रक्तदाबाची नोंद करवून घ्यावी. व्यायाम चांगला, चालणें चांगलें; पण काचबिंदु असलेल्यानें शीर्षासन करूं नये. त्या आसनांत डोळ्यांतील दाब जवळजवळ दुप्पट होतो, असें आपल्याच देशांतील अभ्यासांत २००६ सालीं दिसून आलें आहे.

या रोगांत दुखत नाहीं, डोळा लाल होत नाहीं, आणि बरेच दिवस कांहीं उणें भासतही नाहीं. जी दृष्टि गेली ती कोणत्याही औषधानें परत येत नाहीं. जी उरली आहे ती मात्र वेळेवर उपचार केल्यास बहुधा जन्मभर पुरते. म्हणून दाबाचा एक आंकडा ऐकून समाधान मानूं नका. तंतूचें मुख पाहून घ्या, आणि घरांतील वडील माणसांसही दाखवून आणा.