दहावी पायली

मराठी ख्रिस्ती घरात 'दशमांश' हा शब्द किराणा, फी आणि लाइटबिल यांच्या रांगेतच उच्चारला जातो. पगार झाला, दशमांश काढला, मग उरलेल्या नऊ भागांत महिना बसवायचा. मी नगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली इथं ठाणं मांडलं, आणि देवळं, मशिदी, दर्गे यांच्या शेजाराला चर्चही आलं. त्यामुळे हा शब्द लहानपणापासून कानावर आहे. मुसलमान घरातल्या मुलाला तो परका वाटण्याचं कारणही नव्हतं. शेतीच्या उत्पन्नावरच्या दानाला अरबीत 'उश्र' म्हणतात आणि दशमांशाला हिब्रूत 'मआसेर'. दोन्ही शब्द 'दहा'च्या एकाच धातूतून फुटलेले. शब्दांवर जीव असलेल्या माणसाला अशी भावकी सापडली की बरं वाटतं.

भावकी खरी, पण दोन्ही घरांचा हिशेब वेगळा. जकात म्हणजे वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, आणि तोही एका ठरावीक मर्यादेच्या वर. त्या मर्यादेला निसाब म्हणतात. त्याच्या खाली असलेल्यानं जकात द्यायची नसते. तो गरजू असेल तर घेणाऱ्यांत त्याचा हक्क धरलेला असतो. उश्रातही पावसावर आलेल्या पिकाचा दहावा हिस्सा आणि मोट हाकून पाणी दिलं असेल तर विसावा. घामाला सूट आहे म्हणा ना! दशमांशाचा रिवाज मी आजूबाजूला पाहिला त्यात मात्र अशी पायरी नव्हती. हजारवाल्यानं शंभर द्यायचे, शंभरवाल्यानं दहा. मग शंभरवाल्याच्या ताटातून गेलेल्या त्या दहांचं काय?

हा प्रश्न डोक्यात बसला तो आमच्या शेजारच्या मावशींमुळे. मावशी दवाखान्यात आयाचं काम करायच्या. नवरा नव्हता, मुलगा शाळेत. पगाराच्या दिवशी घरी आल्या की पायसुद्धा न धुता आधी तीस रुपये मोजून डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. एका जूनमध्ये मुलाच्या वह्यापुस्तकांना पैसे कमी पडले, तेव्हा त्या आमच्या अम्मीकडे वीस रुपये उसने मागायला आल्या. अम्मीला डबा ठाऊक होता. ती म्हणाली, "मावशी, डब्यात तीस आहेत की. त्यातले घ्या, पुढच्या महिन्यात परत टाका." मावशी म्हणाल्या, "भाभी, ते माझे नाहीतच, तर घेऊ कुठून?"

अम्मीनं वीस रुपये दिले, पण रात्रभर तिला ते पटलं नव्हतं. "कर्ज माझ्याकडून, आणि देणं अल्लाहला?" असं ती अब्बांना म्हणत राहिली. दोघींत खरी कोण, हे मी आजही एका वाक्यात सांगू शकत नाही. अम्मीच्या बोलण्यात निसाबाचा शहाणपणा होता. मावशींच्या बोलण्यात मला पुष्कळ वर्षांनी कळलेली एक गोष्ट होती. आपल्या पगारातला काही भाग आपला नाही, असं म्हणता येणारी ती आमच्या गल्लीतली एकटीच श्रीमंत बाई होती.

बी.ए.ला मराठी घेतलं तेव्हा रेव्हरंड टिळकांच्या कवितेसाठी म्हणून मराठी बायबल हातात धरलं आणि दशमांशाच्या मागावर पार जुन्या करारापर्यंत गेलो. तिथं अब्राम लढाईहून परतताना मलकीसदेक नावाच्या राजा-याजकाला लुटीचा दहावा हिस्सा देतो. कुणी मागितलेला नसतो. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात तो बंधनकारक झाला, पण कशाचा? धान्य, द्राक्षारस, तेल आणि गुरंढोरं यांचा. जनावरं काठीखालून एकेक सोडायची आणि दहावं येईल ते बाजूला काढायचं. चांगलं की मरतुकडं, हे बघायचं नाही. ज्याच्या गोठ्यात नऊच शेळ्या, त्याची काठी दहापर्यंत पोचणारच नाही, हेही वाचता वाचता लक्षात आलं.

त्याहून गंमत अनुवाद या पुस्तकात आहे. तिथला दशमांश देणाऱ्यानं स्वतःच्या बायकामुलांसह देवाच्या ठिकाणी जाऊन खायचा आहे. गाव लांब असेल तर धान्य विकून रोकड न्यायची, तिथं मनाला येईल ते विकत घ्यायचं आणि आनंद करायचा, फक्त गावातल्या लेव्याला विसरायचं नाही. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो हिस्सा गावातच साठवायचा: लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर जेवावं म्हणून. मावशींच्या डब्यातल्या पैशांवर पहिला हक्क कुणाचा, याचं उत्तर तिथं आहे. त्या स्वतःच विधवा होत्या.

येशूच्या काळापर्यंत या मेजवानीचा पार हिशेब झाला होता. पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दहावा भाग मोजून देणारे, पण न्याय आणि दया विसरणारे धर्मशास्त्री त्यानं चांगलेच फैलावर घेतले आहेत. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट तर सर्वांना माहीत असते. तिनं सगळ्यांहून जास्त टाकलं असं येशू म्हणतो, आणि दान मागणारा प्रत्येक माणूस तेवढंच सांगतो. मार्काच्या पुस्तकात या गोष्टीच्या अगदी आधीचं वाक्य मात्र सहसा सांगितलं जात नाही. लांब झगे घालून मिरवणारे शास्त्री विधवांची घरं गिळतात, असं तो तिथं म्हणतो. ही दोन वाक्यं एकाला एक लागून आहेत. ती बाई मोठी होती यात शंका नाही, पण तिच्या शेवटच्या दोन दमड्या खुशाल ठेवून घेणारी पेटीही तिथंच होती. पौलानं पुढे आपल्या पत्रांत दहाचा आकडा घातलाच नाही. ज्यानं त्यानं मनात ठरवावं, कुढत किंवा भिडेपोटी देऊ नये, एवढंच तो सांगतो.

आकडा परत आला तो राजांबरोबर. 779 साली शार्लमेननं दशमांश सक्तीचा केला आणि युरोपात शतकानुशतकं तो शेतसाऱ्यासारखा वसूल झाला. फ्रान्समध्ये 1789च्या क्रांतीत तो बुडाला. आयर्लंडमध्ये 1830च्या दशकात कॅथलिक कुळांकडून प्रॉटेस्टंट चर्चसाठी तो उकळताना रक्त सांडलं. इंग्लंडात 1836 साली त्याची रोकड झाली आणि 1936च्या कायद्यानं तो निकालात निघाला. वसुली आली की श्रद्धा काढता पाय घेते. जकातीच्या इतिहासातही असे कारकून होऊन गेले, तेव्हा मी काही अंग झटकून हे बोलत नाही.

आपल्याकडे या शब्दाला वेगळाच अर्थ आला आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत ख्रिस्ती झालेले बरेचजण महार आणि मांग समाजातले. सुगीत खळ्यावर रास पडली की बलुत्यासाठी उभं राहायचं, पाटील-कुणब्यानं सुपात टाकलं ते घ्यायचं, कमी टाकलं तरी बोलायचं नाही, हे त्यांच्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेलं. बलुतं हक्काचं, पण पदरात पडायचं भिकेसारखं. अशा माणसाला चर्चमध्ये प्रथमच कुणी म्हणालं असेल, की तू दे. घेण्यासाठी पुढे होणारा हात देण्यासाठी पुढे झाला, तेव्हा त्या पायलीभर ज्वारीचं वजन कुठल्या तराजूत करणार? निसाबाच्या नियमानं त्याला सूट मिळाली असती. पण ती सूट त्याला हवी होती का? मी अम्मीच्या बाजूचा असूनही इथं अडखळतो.

खुद्द टिळकांचं उदाहरण आहेच. मिशनचा पगार सोडून ते 1917 साली ख्रिस्ती संन्यासी झाले. भारतीय ख्रिस्ती मंडळीनं परदेशी पैशावर उभं राहू नये, ही त्यांची तळमळ. दहावा हिस्सा बाजूला काढण्याइतका हिशेब मात्र त्या माणसाला आयुष्यात जमला नसावा. हाती आलेलं देऊन मोकळं व्हायचं, आणि उद्याची चूल लक्ष्मीबाईंनी बघायची. 'स्मृतिचित्रे' हसत हसत वाचताना माझं लक्ष त्या चुलीकडे जातं. दात्याचं नाव होतं, पण देणं निघतं बहुधा स्वयंपाकघरातून.

ते स्वयंपाकघरच पुढे केलं मिझोरामच्या बायकांनी. तिथल्या मिझो ख्रिस्ती घरांत 1910 सालापासून एक रीत आहे. दर जेवणाला तांदूळ शिजवण्याआधी एक मूठ वेगळी काढून ठेवायची. चर्चच्या बायका ते तांदूळ गोळा करतात, ते विकले जातात आणि त्या पैशांतून धर्मप्रसाराचं काम चालतं. 'बुहफाइ थम' म्हणतात त्याला. सुरुवातीला त्या बायकांच्या हाती पैसा नव्हता, भांडं मात्र होतं. डोंगराळ गरीब प्रदेशातल्या या चर्चनं आपला खर्च उचलला आणि बाहेरही माणसं पाठवली, त्यात या मुठीचा वाटा मोठा आहे. मूठ ज्याच्या त्याच्या हाताएवढी असते, हे मला त्यात फार आवडतं.

अलीकडे टीव्हीवर मात्र वेगळे उपदेशक दिसतात. मलाखी संदेष्ट्यानं म्हटलं आहे, की दशमांश भांडारात आणा आणि आकाशाची दारं उघडतात की नाही ते पाहा. याचा अर्थ हे लोक सांगतात, की दहा द्या, शंभर मिळतील, कर्ज फिटेल, बंगला होईल. हा मटका झाला! शब्द कडक आहे, पण मला दुसरा सुचत नाही. माझ्या ओळखीचे एक ख्रिस्ती प्राध्यापक तर एवढ्यानंच चिडतात, की दशमांश प्रॉव्हिडंट फंड कापण्याआधीच्या पगारावर की नंतरच्या, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे दागिन्यांच्या जकातीवर यापेक्षा मोठे वाद होतात, चहा घ्या.

त्यांच्याबरोबरच मी एकदा एका खेड्यातल्या चर्चच्या कापणीच्या सणाला गेलो होतो. लोकांनी अर्पण म्हणून आणलेलं वेदीपुढे मांडलं होतं: ज्वारीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, दुधी, कोंबडा, अंडी. उपासना झाल्यावर बाहेर लिंबाखाली त्याचा लिलाव. एक लाल भोपळा दीडशे रुपयांना गेला. घेणाऱ्यानं तो तिथंच परत अर्पण केला, पुन्हा बोली, पुन्हा परत. तिसऱ्या खेपेला मागून एक म्हातारी म्हणाली, "पाच रुपये." आधी दीडशे बोलणारे सगळे गप्प बसले. लिलाव पुकारणाऱ्यानं एक, दोन, तीन भराभर म्हणून टाकलं. म्हातारीनं कनवटीची गाठ सोडून पाचाचं नाणं दिलं, भोपळा कडेवर घेतला आणि वहीत आपलं नाव लिहिलं का, ते दोनदा विचारून मगच ती निघाली.