तीनच तर चेंडू उरलेत

जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून एसटीनं, फटफटीनं इथवर आलेल्या माझ्या शारीरिक शिक्षक बंधू-भगिनींनो,

शाळेत आपल्याला नावानं फारसं कुणी ओळखत नाही. आपण 'पीटीचे सर', नाहीतर 'पीटीच्या मॅडम'. पण मैदानावर पोरगं पडलं की पहिली हाक आपल्यालाच येते, हेडमास्तरांना नाही. म्हणून खेळाच्या भरभराटीवर आज मी बोलणार नाही. खेळता खेळता जी माणसं गेली, त्यांच्याविषयी बोलणार आहे.

रमण लांबा तुमच्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. दिल्लीचा दणकट फलंदाज. २० फेब्रुवारी १९९८ ला ढाक्यात क्लबचा सामना चालू होता. षटकाचे तीन चेंडू बाकी असताना कर्णधारानं त्याला शॉर्ट लेगला बोलावलं आणि हेल्मेट हवं का म्हणून विचारलं. तीनच तर चेंडू उरलेत, म्हणून लांबा तसाच उभा राहिला. फलंदाजानं आखूड चेंडू ओढला, तो लांबाच्या डोक्याला लागून उंच उडाला आणि यष्टिरक्षकाच्या हातात विसावला. फलंदाज बाद झाला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. मग शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी तो गेला. वय अवघं ३८.

या प्रसंगातल्या दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. पहिली म्हणजे ते 'तीनच तर'. आपल्या वऱ्हाडात त्याला 'काई होत नाई' म्हणतात. दुसरी, तो चालत गेला ही. डोक्याला मार लागलेला माणूस चालतो, बोलतो, हसतोसुद्धा. आणि आत कवटीखाली रक्त साचत असतं. तासाभरानं उलटी होते, डोळे जड होतात. तोवर आपण त्याला घरी पाठवलेलं असतं.

मी पाठवलेलं आहे. नोकरीच्या आठव्या-नवव्या वर्षाची गोष्ट. नेटमध्ये एका नववीतल्या पोराच्या कानामागं लेदर बॉल बसला. पोरगं खाली बसलं, लगेच उठलं, हसलं. मी म्हणालो, "पाणी पी, तोंडावर मार, आणि जा घरी." चार किलोमीटर सायकल मारत ते एकटं गावाला गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत आलं, म्हणून आज मी इथं उभा राहून भाषण करतोय. त्याच्या घरच्यांना मी काहीच कळवलं नव्हतं. आज तो माणूस बाजार समितीत भेटला की नमस्कार करतो आणि मला त्याच्या कानामागं बघायचं धाडस होत नाही.

लांबाच्या आधी, १९६२ साली बार्बाडोसमध्ये आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर चार्ली ग्रिफिथच्या चेंडूवर कोसळला होता. कवटी फुटली. रक्त द्यायला पुढे आले त्यांत आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी होते, आणि वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण कसोटी पुन्हा खेळला नाही. तेव्हा हेल्मेटच नव्हतं, त्यामुळे कुणाला दोष देणार? आज आहे. आपल्या शाळांच्या किटबॅगेतही आहे. बहुतेक ठिकाणी एकच, तेही सगळ्यांच्या डोक्यात सैल, हनुवटीचा पट्टा लोंबता. एकदा जोराचा मार खाल्लेलं हेल्मेट आतून गेलेलं असतं, ते पुन्हा वापरायचं नसतं. आपण त्यावर रंग मारतो.

आणि फक्त समोरून येणारा चेंडूच मारतो असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये माटुंग्याच्या दडकर मैदानावर क्षेत्ररक्षण करणाऱ्या एका गृहस्थाच्या कानामागं चेंडू बसला आणि ते गेले. तो चेंडू त्यांच्या सामन्यातला नव्हताच, शेजारच्या सामन्यातला होता. एका मैदानावर दोन-तीन सामने चालणं आपल्यालाही नवं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर सलामीच्या फलंदाजाच्या छातीत आणि हातात कळा आल्या. त्यानं पंचांना सांगितलं, तंबूकडे चालू लागला आणि वाटेतच कोसळला, तो उठला नाही. दोघेही हौशी खेळाडू होते. यांची नावं मी मुद्दाम घेत नाही. त्यांच्या घरी अजून दुःख ओलं असेल.

आपल्याकडे पुढं काय होतं ते तुम्ही जाणता. चौकात फ्लेक्स लागतो. दोन मिनिटं मौन. वर्षभरात त्याच्याच नावानं 'स्मृती चषक', उद्घाटनाला पुढारी, पहिलं बक्षीस एकतीस हजार रोख, हॅलोजनचे खांब, डीजे. मी या चषकांची टिंगल करत नाही. गावाला आपलं दुःख कुठंतरी मांडायचं असतं, आणि ते क्रिकेटमध्येच मांडावं यात माया आहे. पण ज्याच्या नावाचा चषक, तो ज्या कारणानं गेला, ते कारण त्याच मैदानावर तसंच बसलेलं असतं. बारा ते चारच्या उन्हात, खामगाव-मलकापूरकडे पारा त्रेचाळीसवर असताना सामने लावले जातात. सीमारेषेवर प्रथमोपचाराची पेटी असते, तिच्यात आयोडेक्स असतं.

हृदय बंद पडलं तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. आता मोजा. १०८ ला फोन लावला, गाडी तालुक्याहून निघाली, संग्रामपूरच्या पलीकडच्या एखाद्या आडगावी पोचली. डोक्याच्या शस्त्रक्रियेसाठी तर अकोला नाहीतर संभाजीनगर गाठायचं. म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं डॉक्टरची नाहीतच, ती आपली आहेत. छातीच्या मध्यावर तळहात, मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटिमीटर खोल. ज्या देशात लांबा गेला, त्याच देशात, २४ मार्च २०२५ ला ढाक्याजवळ सावरमध्ये क्रिकेटपटू तमीम इक्बालचं हृदय सामन्याच्या दिवशी बंद पडलं. छाती दाबत राहणारी माणसं जवळ होती, इस्पितळ जवळ होतं. तो आज हिंडतोफिरतो.

मोठ्या शहरातही घोळ होतात. २०१४ च्या नोव्हेंबरात सिडनीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजच्या मानेला चेंडू लागला, तेव्हा रुग्णवाहिका बोलावायलाच सहा मिनिटांहून अधिक वेळ गेला होता. त्याची जखम अशी होती की गाडी लवकर आली असती तरी उपयोग नव्हता. चौकशीत कुणालाही दोषी धरलं नाही. पण मदत कशी मागवायची हे पंचांना शिकवा, असं चौकशीतून पुढे आलं. ऑस्ट्रेलियानं २०२३ पासून मोठ्या सामन्यांत मानेचा गार्ड सक्तीचा केला. तरी २०२५ मध्ये मेलबर्नला नेटमध्ये सतरा वर्षांचा मुलगा मानेला चेंडू लागून गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, मानेला गार्ड नव्हता.

ह्यूज मॅक्सव्हिल नावाच्या लहान गावचा, केळी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. आपल्या शेजारच्या जळगावातला वाटावा असा. सगळं जग त्याच्यासाठी रडलं, दाराबाहेर बॅटी ठेवल्या. पण मला आठवतो तो शॉन ॲबट, ज्यानं तो चेंडू टाकला. त्यानं नियमात बसणारा बाउन्सर टाकला होता. पंधरवड्यात तो त्याच मैदानावर परतला आणि चौदा धावांत सहा बळी घेतले. त्याच्याभोवती संघ होता, डॉक्टर होते, ह्यूजच्या घरच्यांचा समजूतदारपणा होता. आपल्या एखाद्या गावातल्या सोळा वर्षांच्या पोराच्या हातून हे घडलं तर? मयताला सगळा गाव जाईल. त्या पोराच्या घरी कोण जाईल? पोलीस जातील. मला वाटतं, त्या रात्री पीटीच्या सरांनी जायला हवं. बोलायचं काही नाही, ओसरीवर बसायचं, चहा दिला तर प्यायचा.

ठराव दुपारच्या सत्रात येतीलच. जेवणाची पंगत तयार आहे असं संयोजक मघापासून खुणावतायत, पण थोडं थांबू. हॉलच्या मागच्या बाजूला सतरंजीवर दोन रबरी पुतळे ठेवलेत, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आल्यात. प्रत्येकानं दोन मिनिटं छाती दाबून दाखवायची आणि मगच ताटावर बसायचं. माझे गुडघे आता वाकत नाहीत नीट. तरी पहिला नंबर माझा. कुणीतरी हात द्या, खाली उतरतो.