मेलेल्यांची हजेरी



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला पाचारण केले, तेव्हा आम्ही कामगार कायद्यावर दोन शब्द बोलू अशी त्यांची समजूत असावी. आम्ही विषय लिहून पाठवला आणि दुसऱ्याच दिवशी चिटणीस घरी हजर झाले. म्हणाले, "दादा, स्कॉटलंडमधील खुनाच्या कादंबऱ्या, असे आम्ही वाचले. वाचण्यात आमची चूक झाली काय?" आम्ही म्हटले, "अक्षर वाईट आहे खरे, पण विषय तोच आहे." तेव्हा कामगार चळवळीतला माणूस आणि खुनाच्या गोष्टी यांचा मेळ कसा बसतो, हे सांगणे आज आम्हांला भाग आहे.

आम्ही पंडित नव्हे. १९८२ च्या गिरणी संपात आमच्या वडिलांची नोकरी गेली, आणि पुढे नववीनंतर आमचे नाव शाळेच्या हजेरीपटावरून निघून ओतशाळेच्या हजेरीपटावर चढले. इंग्रजी आम्ही शिकलो ते शेक्सपिअरसाठी नव्हे. कारखान्याच्या नोटिसा इंग्रजीत येत आणि खाली सही मात्र मराठीत मागत, म्हणून शिकलो. उशाला वीरकरांचा कोश आणि हातात रद्दीवाल्याकडचे मिळेल ते पुस्तक, हे आमचे विद्यापीठ. रद्दीत खुनाच्या कादंबऱ्या फार. कारण लोक त्या खरोखर वाचतात. अशाच एका गठ्ठ्यात आम्हांला इयान रँकिन या स्कॉटिश लेखकाची 'ब्लॅक अँड ब्लू' मिळाली. मार खाल्लेल्या अंगाचे जे दोन रंग, काळा आणि निळा, तेच तिचे नाव. १९९७ साली ती निघाली आणि त्याच साली ब्रिटनमधील गुन्हेकथा-लेखकांच्या संघटनेने तिला आपली सोन्याची कट्यार देऊन गौरविले.

कथा थोडक्यात अशी. एडिंबरोचा पोलिस अंमलदार जॉन रीबस. रीबस या शब्दाचा अर्थच चित्रकोडे. हा गृहस्थ दारू पितो, वरिष्ठांशी भांडतो आणि स्वतः काही धुतल्या तांदळासारखा नाही. एका जुन्या खटल्यात आपल्या गुरुस्थानी असलेल्या अंमलदाराने खोटा पुरावा घातला असेल काय, हा काटा त्याच्या मनात आहे. शिक्षा म्हणून त्याला शहरातील दरिद्री वस्तीच्या चौकीवर धाडले आहे. तिकडे एक खुनी बायकांचे खून करीत सुटला आहे, आणि पूर्वीच्या एका प्रसिद्ध खुन्याची तो नक्कल करतो. गंमत पुढेच आहे. जुना खुनी अजून जिवंत आहे, आणि या नकलाकारावर तो भयंकर संतापला आहे. पोलिसांच्या आधी आपणच त्याला गाठावे म्हणून तोही शोधाला निघतो. आपल्याकडच्या जुन्या मिठाईवाल्याच्या दुकानावर पाटी असते ना, 'आमची कोठेही शाखा नाही', तसा हा प्रकार! वाचताना आम्ही हसलो, आणि आपण कशाला हसलो हे ध्यानात येताच ओशाळलो. या लेखकाचा विनोद असा आहे.

हा विनोद आम्हांला परका वाटला नाही. ओतशाळेत एकदा अपघातांचा गवगवा झाला, तेव्हा कंपनीने हेल्मेटे मागवली. आणि ती येऊन पोचेपर्यंत कामगारकपात झाली. आमचा एक जुना सोबती म्हणाला, "हिशेब जमला. टोप्या आल्या आणि डोकी कमी केली." मरण रोज शेजारी उभे असते तेथे माणूस असाच हसतो. रँकिनचा जन्म १९६० साली फाइफमधल्या कार्डेंडन या कोळसाखाणीच्या गावचा. त्याच्या आधी १९७७ साली 'लेडलॉ' लिहून ज्याने ही वाट पाडली, तो विल्यम मॅकिल्व्हॅनी हा तर किलमार्नॉकच्या खाणकामगाराचा मुलगा. खुनी हा राक्षस नसतो, तो तुमच्याआमच्यातलाच माणूस असतो, हे त्याच्या पोलिस नायकाचे ठाम मत. राक्षस म्हटले की काम सोपे होते. राक्षस मारला, गाव सुटले! पण माणूस म्हटले की तो कोठून आला, त्याला रान मोकळे कोणी ठेवले, हे प्रश्न अंगावर येतात.

तो जुना खुनी लेखकाने कल्पनेतून काढलेला नाही. १९६८ आणि १९६९ या दोन वर्षांत ग्लासगोमध्ये तीन स्त्रियांचे खून झाले. तिघीही बॅरोलँड या नाचघरात गेलेल्या होत्या. तिसरीच्या बहिणीने त्या माणसासोबत एकाच टॅक्सीतून प्रवास केला होता. तो बायबलातले दाखले देत होता असे तिने सांगितले, म्हणून वर्तमानपत्रांनी त्याचे नाव 'बायबल जॉन' ठेवले. पोलिसांनी आकाशपाताळ एक केले, पण तो सापडला नाही. १९९६ साली तर एका मृताचे थडगे उकरून तपास केला, तोही निष्फळ. येथे एक गोष्ट आमच्या मनाला लागली. त्या नाचघरात येणारे पुष्कळजण विवाहित. घरी न सांगता, खोटे नाव घेऊन आलेले. खून झाल्यावर साक्षीला पुढे यावे तर घरी बोभाटा होणार, म्हणून कित्येक गप्प बसले. मेलेल्या तिघी मुलाबाळांच्या आया होत्या. पण त्या रात्री नाचायला गेल्या कशाला, याचीच चर्चा लोकांनी अधिक केली. खुन्याला लपायला जागा दिली ती अंधाराने थोडी आणि लोकलज्जेने फार.

आणि हे स्कॉटलंडमध्ये तेव्हा नवे नव्हते. आणखी मागे चला. १८२७-२८ चे एडिंबरो. वैद्यकाच्या विद्येचे मोठे केंद्र; विद्यार्थ्यांना चिरफाडीसाठी प्रेते हवीत, आणि कायद्याने मिळत ती फारच थोडी. वेस्ट पोर्ट भागात हेअर नावाच्या माणसाचे गरिबांना रात्रीपुरते उतरायचे घर होते. तेथे एक म्हातारा शिपाई आजाराने मेला. त्याच्याकडे भाड्याचे चार पौंड थकले होते. हेअर आणि त्याचा सोबती बर्क यांनी ती थकबाकी वसूल केली ती म्हाताऱ्याचे प्रेत विकून. डॉक्टर रॉबर्ट नॉक्स यांच्या शाळेत साडेसात पौंड मिळाले. व्यवहार फायद्याचा ठरला. मग माणूस आपोआप मरण्याची वाट कोण पाहतो? पुढे वर्षभराच्या आत त्या दोघांनी सोळा माणसे दारू पाजून, श्वास कोंडून मारली आणि त्याच दारी नेऊन विकली. मेलेले कोण? भिकारणी, फिरस्ते, एका रात्रीचे पाहुणे. ज्यांची सकाळी कोणी चौकशी करणार नाही असे.

हे फुटले कसे? पोलिसांच्या चातुर्याने नव्हे. त्याच वस्तीतल्या एका गरीब जोडप्याला गवताखाली एका बाईचे प्रेत दिसले. गप्प राहाल तर आठवड्याला दहा पौंड देऊ, असे बर्कच्या घरच्या बाईने त्यांना सांगितले. ज्यांनी उभ्या जन्मात दहा पौंड एकत्र पाहिले असतील की नाही कोण जाणे, त्यांनी ते नाकारले आणि पोलिसांत वर्दी दिली. श्रोतेहो, आम्ही तीस वर्षे दारोदार युनियनच्या पावत्या फाडल्या. या जोडप्याला आम्ही एक पावती फुकट देऊ!

न्याय कसा झाला तेही ऐका. हेअर माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. बर्क १८२९ च्या जानेवारीत फाशी गेला. त्याचीही चिरफाड झाली आणि त्याचा सांगाडा एडिंबरो विद्यापीठाच्या संग्रहात ठेवला आहे. आणि डॉक्टर नॉक्स? त्यांच्यावर खटलाच झाला नाही. माल विकणारा फासावर गेला, माल घेणारा घरी राहिला. सोळा वेळा ताजे प्रेत दारात आले आणि घेणाऱ्याने विचारले नाही, 'बाबा, हे येते कोठून?' १८३२ साली पार्लमेंटने कायदा केला. त्यात ज्या प्रेताला कोणी वारस पुढे येत नाही, ते गरिबांच्या आश्रयगृहातूनच चिरफाडीला देण्याची सोय झाली. खून थांबले हे खरे, पण प्रेते पुरवायची कोणी हा प्रश्न आला, तेव्हा बोट पुन्हा गरिबाकडेच गेले.

आता 'ब्लॅक अँड ब्लू'कडे परत येऊ. बायकांच्या खुन्याचा एवढा गदारोळ चालू असताना रीबसच्या वाट्याला येते ते एक साधे मरण. सुटीवर आलेला एक तेल-कामगार. खुर्चीला बांधलेल्या स्थितीत खिडकीतून खाली पडून मेलेला. वर्तमानपत्रांना त्यात रस नाही. पण रीबस त्या माणसाचा माग सोडत नाही, आणि तो माग त्याला अबरडीन बंदराला, शेटलंड बेटांवर आणि भर समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर घेऊन जातो. शेवट आम्ही सांगत नाही. वाचणाऱ्याचा घास काढून घेऊ नये.

पण ज्या उत्तर समुद्रावर ही कादंबरी आपल्याला नेते, तेथे ती निघण्याच्या नऊ वर्षे आधी काय घडले ते सांगणे आमच्या अधिकारातले आहे. ६ जुलै १९८८ ची रात्र. प्लॅटफॉर्मचे नाव पायपर अल्फा. एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी नुसती झाकणाची चकती बसवली होती. पाळी बदलली. व्हॉल्व्ह काढल्याचा परवाना एका ठिकाणी, पंप चालवणारे दुसऱ्या ठिकाणी. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा रात्रपाळीने हा चालू केला. चकतीतून वायू सुटला आणि दहाच्या सुमारास स्फोट झाला. शेजारच्या प्लॅटफॉर्मवरून येणारे तेल ताबडतोब बंद करण्याचा हुकूम लवकर निघाला नाही. आग पेटत राहिली. २२६ माणसांपैकी ६१ वाचली. सुटकेसाठी गेलेले दोघे धरून १६७ मेले. मेलेल्यांतले बहुसंख्य ठेकेदारांचे कामगार. आणि त्याच प्लॅटफॉर्मवर १९८७ साली एक कामगार अपघातात गेला होता. पाळी बदलताना निरोप नीट पोचत नाही, हे दुखणे तेव्हाच उघड झाले होते.

लॉर्ड कलन यांनी चौकशी केली. १९९० साली अहवाल निघाला, त्यात १०६ शिफारशी. त्या मान्य झाल्या, कायदे बदलले, पुढे अनेकांचे जीव वाचले. हे काम थोर झाले. पण १६७ माणसांसाठी कोणी फौजदारी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहिला काय? एकही नाही.

बायबल जॉनने तीन मारले. अर्धे शतक उलटून गेले तरी त्याच्यावर पुस्तके निघतात. बर्कचा सांगाडा जपून ठेवला आहे. कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर न नेल्यामुळे माणसे मरतात, त्या मरणाला मात्र चेहरा नसतो. आणि ज्याला चेहरा नाही त्याचा सांगाडा कोणी जपून ठेवत नाही.

आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतो आणि थांबतो. वीस वर्षांपूर्वी एका रासायनिक कारखान्यात टाकी साफ करायला उतरवलेला माणूस वायूने गुदमरून गेला. आम्ही पोचलो तेव्हा साहेब म्हणाले, "तो आमचा नव्हे, ठेकेदाराचा." ठेकेदाराची वही उघडली. तीत चार-सहा नावे आणि खाली ओळ: 'इतर ३'. मेलेला माणूस त्या तीनमधला. त्याचे नाव काय, हे शोधायला आम्हांला दोन दिवस लागले. ते मिळाले खानावळीत, उधारीच्या वहीत. मालकाने त्याच्या नावापुढे तीन आठवड्यांचे जेवण मांडून ठेवले होते. ती उधारी त्याने आमच्या देखत खोडली, आणि वहीचे ते पान फाडून आमच्या हाती दिले. पुढे भरपाईच्या दाव्यात हा माणूस येथेच काम करीत होता याला पुरावा म्हणून तेच पान उपयोगी पडले. दावा सात वर्षे चालला. त्याच्या बायकोला पैसे मिळाले. ते किती थोडे होते, हे येथे सांगायला लाज वाटते.

त्या दोन दिवसांनंतर रीबस हा आम्हांला परदेशी पोलिस वाटेनासा झाला. एक माणूस मेला आहे, तो कोण होता, हे विचारल्याशिवाय जो घरी जात नाही, तो आमच्याच कामावरचा माणूस. म्हणून आमची विनंती एवढीच, की खुनाच्या कादंबऱ्या खुशाल वाचा, रात्र जागवा. खुनी कोण ते लेखक शेवटच्या पानावर सांगेलच. तेथे न थांबता पुस्तक मिटल्यावर आपणही दोन गोष्टी विचारून पाहा: मेलेल्याचे नाव काय होते, आणि तो माल घेतला कोणी?